गाडीच्या इंजिनाला टर्बो केवढा लावायचा: बूस्टचा नव्हे, हवेचा हिशोब

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वायूने फिरणारं टर्बाइन आणि त्याच शाफ्टवर बसून इंजिनात हवा दाबणारा कॉम्प्रेसर. तो निवडताना पहिला प्रश्न बहुतेक जण "बूस्ट (वातावरणापेक्षा जास्तीचा दाब) किती मिळेल?" असा विचारतात. तिथूनच निवड फसायला लागते. इंजिनाची ताकद ठरते ती सिलिंडरात गेलेल्या हवेच्या वजनावर. बूस्ट गेज फक्त मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला, दाब दाखवतो. ती हवा किती तापलेली आहे आणि मिनिटाला किती किलो आत जाते आहे, हे त्याला कळत नाही. एकाच इंजिनावर छोट्या, दमलेल्या टर्बोचा ०.६ बार आणि योग्य मापाच्या टर्बोचा ०.६ बार यांत चांगला दहा-पंधरा बीएचपीचा फरक पडू शकतो. म्हणून आधी हवेचं वजन काढायचं, मग दाब, मग कॉम्प्रेसरचा नकाशा (कोणत्या दाबाला तो किती हवा देतो याचा आलेख), आणि टर्बोचं नाव सगळ्यात शेवटी. कागद, कॅल्क्युलेटर आणि एक संध्याकाळ एवढ्यात हे काम होतं.

उदाहरणासाठी मारुतीच्या जुन्या बलेनोचं इंजिन घेऊ. ही १९९९ साली आलेली सेडान, २०१५ ची हॅचबॅक नव्हे. तिचं जी१६बी इंजिन चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, बोअर ७५ मिमी, स्ट्रोक ९० मिमी, म्हणजे १,५९० सीसी. मूळ ताकद ९४ बीएचपी. तुमचं इंजिन वेगळं असेल तर आकडे बदला, रीत तीच राहते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीच्या वेळी उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ लावला. नॉन-टर्बो इंजिनाला टर्बो बसवलेली गाडी ट्रॅकसाठी आणि बंदिस्त धावपट्टीसाठी ठेवा. विम्याचा दावाही अशा बदलामुळे नाकारला जाऊ शकतो.

लक्ष्य ठरवा, आणि ते इंजिनाला विचारून ठरवा

कारखान्यातून आलेले पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि हेड गॅस्केट तसेच ठेवणार असाल तर मूळ ताकदीच्या दीडपटीच्या आसपास थांबणं शहाणपणाचं. आपण १४० बीएचपी धरू, आणि ती ६,००० आरपीएमला हवी आहे असं मानू.

आकडा लिहिला की त्याच्या शेजारी दुसरा आकडा लिहा: गाडी खरोखर कोणत्या आरपीएमला चालते? हा आकडा फार थोडे जण लिहितात आणि निवड सगळ्यात जास्त यानेच बदलते. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये चढताना इंजिन २,००० ते ३,५०० च्या पट्ट्यात असतं. ट्रॅकवर ४,००० च्या खाली फारसं येत नाही. ड्रॅगच्या धावपट्टीवर तर गिअर बदलतानाच काय ते खाली येतं. तिघांना तीन वेगवेगळे टर्बो लागतात, ताकदीचा आकडा एकच असला तरी. आपली गाडी मिश्र वापराची धरू: २,५०० पासून ओढ हवी, ६,००० ला ताकद हवी.

हवेचं वजन

टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण भारावर एका बीएचपीसाठी तासाला साधारण २३० ते २७० ग्रॅम पेट्रोल खातं. मधला २५० ग्रॅम घ्या. १४० गुणिले २५० म्हणजे तासाला ३५ किलो पेट्रोल.

एक किलो पेट्रोलमागे किती किलो हवा? पूर्ण भारावर मिश्रण समृद्ध ठेवावं लागतं, म्हणून ११.५ घ्या. आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं आणि त्याचं रासायनिक संतुलन साध्या पेट्रोलच्या १४.७ वर नसून १३.५ च्या आसपास असतं. त्यामुळे ११.५ म्हणजे ई-२० साठी लॅम्डा (प्रत्यक्ष गुणोत्तर भागिले संतुलित गुणोत्तर) ०.८५ होतो, जो टर्बो इंजिनाला योग्य आहे. ट्यूनिंग करताना मात्र गुणोत्तरात नव्हे, लॅम्डात बोला. एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणारं, १४.७ वर बेतलेलं वाइडबँड मीटर ई-२० वर चुकीचं गुणोत्तर दाखवतं. लॅम्डा बरोबरच असतो.

३५ गुणिले ११.५ म्हणजे तासाला ४०२.५ किलो हवा. मिनिटाला ६.७१ किलो, सेकंदाला ११२ ग्रॅम. टर्बोचे नकाशे बहुधा पौंड प्रति मिनिटमध्ये छापलेले असतात, म्हणून ०.४५३६ ने भागा: १४.८ पौंड प्रति मिनिट. दर पौंडाला साधारण साडेनऊ-दहा बीएचपी, हा पेट्रोल इंजिनांचा जुना ठोकताळा इथेही बसतो. तुमचं उत्तर त्याच्यापासून फार लांब गेलं तर कुठेतरी दशांश चिन्ह घसरलंय.

मॅनिफोल्डमध्ये दाब किती लागेल

१.५९ लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन ६,००० आरपीएमला मिनिटाला ३,००० वेळा आपलं पूर्ण घनफळ भरतं: ४,७७० लिटर. प्रत्यक्षात ते पूर्ण भरत नाही. भरण्याची कार्यक्षमता, म्हणजे व्हीई, अशा सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनाला ०.८५ धरता येते. आठ व्हॉल्व्हच्या जुन्या इंजिनाला ०.७५-०.८० धरा, चांगल्या ट्विन-कॅमला ०.९० च्या पुढे. ४,७७० गुणिले ०.८५ म्हणजे ४,०५४ लिटर, अर्थात ४.०५४ घनमीटर.

या घनफळात ६.७१ किलो हवा कोंबायची तर घनता १.६५५ किलो प्रति घनमीटर लागते. दाब किलोपास्कलमध्ये काढायचा तर घनता गुणिले ०.२८७ गुणिले केल्विन तापमान. इंटरकूलरनंतर (दाबलेली, तापलेली हवा गार करणाऱ्या रेडिएटरनंतर) हवा ६० अंश सेल्सिअसला, म्हणजे ३३३ केल्विनला आहे असं धरा. (हे ६० अंश कुठून आले ते पुढे पडताळू.) उत्तर येतं सुमारे १५८ किलोपास्कल.

हा निरपेक्ष दाब आहे, म्हणजे वातावरणाचा दाब धरून, गेजवरचा नाही. पुण्यात वातावरणाचा दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो, तेव्हा गेज ६३ किलोपास्कल दाखवेल, म्हणजे जेमतेम नऊ पीएसआय. मुंबईत वातावरणाचा दाब १०१ असल्यामुळे तीच हवा ५७ किलोपास्कलच्या गेजवर मिळते. "माझ्या गाडीला नऊ पीएसआय आणि त्याच्या गाडीला आठ" या तुलनेला म्हणूनच फारसा अर्थ नाही.

प्रेशर रेशो, आणि उंचीचा खेळ

टर्बोला बूस्ट कळत नाही. त्याला कळतं गुणोत्तर: बाहेर फेकलेल्या हवेचा दाब भागिले आत घेतलेल्या हवेचा दाब. दोन्हीकडे वाटेत जाणारा दाब धरायचा. इंटरकूलर आणि पाइपांत पूर्ण प्रवाहाला १० किलोपास्कल जातात असं धरा, म्हणजे कॉम्प्रेसरने १६८ द्यायला हवेत. आतल्या बाजूला एअर फिल्टर आणि त्याची नळी ४ किलोपास्कल खाते, म्हणजे पुण्यात कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ९१ उरतात. १६८ भागिले ९१ म्हणजे १.८५.

आता हाच हिशोब उंचीप्रमाणे करून पाहा. मुंबईत तोंडाशी ९७, गुणोत्तर १.७३. महाबळेश्वरला, १,३५० मीटरवर, वातावरणाचा दाब ८६ आणि तोंडाशी ८२, गुणोत्तर २.०५. लेहला ३,५०० मीटरवर वातावरण ६६ च्या आसपास, तोंडाशी ६२, गुणोत्तर २.७१. इंजिन तेच, ताकद तीच मागितलेली, पण टर्बोला लेहमध्ये मुंबईपेक्षा कितीतरी जास्त मेहनत आहे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ मध्ये, अभियंता सॅनफोर्ड मॉस यांनी लिबर्टी विमान-इंजिनाचा टर्बो अमेरिकेतल्या पाइक्स पीकवर चार हजारांहून अधिक मीटर उंचीवर नेऊन तपासला तो याच कारणासाठी: विरळ हवेत हरवलेली ताकद परत मिळवायला.

वेस्टगेट, म्हणजे जास्तीचा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप, साध्या स्प्रिंगचं असेल तर ते वातावरणाच्या तुलनेत दाब धरतं. मुंबईत ०.६ बारला मॅनिफोल्डमध्ये १६१ किलोपास्कल, महाबळेश्वरला त्याच ०.६ बारला १४६. ताकद नऊ टक्क्यांच्या आसपास उतरते, पण टर्बो सुरक्षित राहतो. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) निरपेक्ष दाब धरून वेस्टगेट चालवत असेल तर उलट होतं. ताकद टिकते आणि त्याची किंमत टर्बोचा शाफ्ट जास्त फेरे घेऊन मोजतो. अशी गाडी हिमालयात नेणार असाल तर उंचीप्रमाणे बूस्ट कमी करणारा तक्ता ईसीयूमध्ये भरलाच पाहिजे. अतिवेगाने फिरलेला टर्बो आधी कुरकुर करून सूचना देत नाही, चाक थेट फुटतं.

नकाशावर टाकायचा आकडा

कारखान्याचा कॉम्प्रेसर नकाशा ठरावीक तापमान आणि दाबाला काढलेला असतो. टर्बो बनवणाऱ्या गॅरेट कंपनीच्या नकाशांना तो संदर्भ २९.४ अंश सेल्सिअस आणि ९६.२ किलोपास्कल आहे. इतर उत्पादकांचा वेगळा असू शकतो, नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलेला असतो, तो वाचा. आपली हवा त्या मापात आणायची: प्रत्यक्ष प्रवाहाला तापमानांच्या केल्विन गुणोत्तराच्या वर्गमुळाने गुणा, दाबांच्या गुणोत्तराने भागा.

पुण्यात बॉनेटखालून हवा ४० अंशांची घेतली जाते असं धरू. ३१३ भागिले ३०२.६ चं वर्गमूळ १.०१७, आणि ९१ भागिले ९६.२ म्हणजे ०.९४६. १४.८ चे होतात १५.९ पौंड. लेहला, २० अंशांच्या हवेत, हेच १४.८ नकाशावर २२.६ होतात. ही पायरी गाळून थेट १४.८ वर टर्बो निवडला तर उन्हाळ्यात किंवा उंचीवर गाडी वरच्या आरपीएमला दम टाकते, आणि मालक मग उगाच ट्यूनरला दोष देत बसतो.

एकच बिंदू पुरेसा नाही. किमान तीन काढा. ४,००० आणि २,५०० ला पाइपांत दाब कमी जातो, त्यामुळे गुणोत्तरही थोडं उतरतं. पूर्ण बूस्ट तिथेही हवा असेल तर आपले तीन बिंदू असे:

६,००० आरपीएम: १५.९ पौंड, गुणोत्तर १.८५
४,००० आरपीएम: १०.४ पौंड, गुणोत्तर १.७७
२,५०० आरपीएम: ६.५ पौंड, गुणोत्तर १.७३

व्हीई प्रत्येक आरपीएमला थोडी बदलते, पण पहिल्या निवडीला एकच ०.८५ चालते.

नकाशा वाचणं

आडव्या अक्षावर हवेचा प्रवाह, उभ्यावर प्रेशर रेशो. मधोमध कार्यक्षमतेची बेटं, समोच्च रेषांसारखी एकात एक. आडव्या-तिरक्या रेषा शाफ्टच्या वेगाच्या. छोट्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांहून जास्त फेरे घेतो.

डावीकडची कड म्हणजे सर्ज रेषा. तिच्या डावीकडे बिंदू गेला की चाकाला पुरेशी हवा मिळत नाही, पात्यांवरचा प्रवाह तुटतो, दाबलेली हवा मागे फिरते आणि पुन्हा पुढे येते. पूर्ण थ्रॉटलवर, कमी आरपीएमला धडधड किंवा फडफड ऐकू आली तर ते सर्ज आहे. थ्रॉटल सोडल्यावरची फडफड वेगळी, तिला अडकलेला दाब सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लागतो. भाराखालचा सर्ज थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारं) खातो. तो आवाज काहींना आवडतो, पण तो टर्बो मरतानाचा आवाज आहे. सर्ज रेषेपासून उजवीकडे निदान दहा टक्के अंतर ठेवा.

उजवीकडची कड म्हणजे चोक. तिथे चाकातून हवा आणखी वाढत नाही, फक्त तापते. साधारण ५८ टक्क्यांखाली कार्यक्षमता गेली की तो भाग वापरायचा नाही.

कार्यक्षमता एवढी महत्त्वाची का? आकड्यांतच पाहा. तापमानातली वाढ काढायला सुरुवातीचं केल्विन तापमान घ्या, त्याला प्रेशर रेशोच्या ०.२८३ व्या घातातून एक वजा केलेल्या संख्येने गुणा आणि कार्यक्षमतेने भागा. ३१३ केल्विन, गुणोत्तर १.८५, कार्यक्षमता ७४ टक्के: हवा ८० अंशांनी तापते, १२० ला बाहेर पडते. ७५ टक्के परिणामकारक इंटरकूलर तिला ६० वर आणतो, म्हणजे आपण वर धरलेलं ६० अंश खरं ठरलं. कार्यक्षमता ६० टक्के असेल तर हवा १३९ अंशांना बाहेर पडते आणि तोच इंटरकूलर ६५ वर आणतो, तेही त्याला वाहतं वारं मिळालं तर. सिग्नलला उभं राहून निघालात की हा फरक आणखी फाकतो. गरम हवा म्हणजे नॉकिंग, सिलिंडरातलं मिश्रण आपोआप पेटणं. कारखान्यातलं कॉम्प्रेशन ९:१ च्या पुढे असलेल्या इंजिनाला नॉकिंगची भीती बूस्टपेक्षा आधी या तापमानाची असते. ९५ किंवा १०० ऑक्टेनचं पेट्रोल मदत करतं, पण चुकीच्या मापाच्या टर्बोची भरपाई पेट्रोलने होत नाही.

तिन्ही बिंदू नकाशावर टाका. ४,००० चा बिंदू सर्वोत्तम बेटात किंवा त्याच्या शेजारी हवा. ६,००० चा बेटाच्या उजवीकडे, पण चोकपासून पंधरा-वीस टक्के आत. २,५०० चा सर्जच्या उजवीकडे. तिन्ही एकाच नकाशावर नीट बसत नसतील तर नाइलाजाने वरचा बिंदू थोडा सोडा, खालचा नको. रोजच्या चालवण्यात ६,००० क्वचित येतात.

नावातून चाकाचं माप

गॅरेटच्या जीटी मालिकेत नावच माप सांगतं. जीटी२५६०आर मध्ये २५ ही टर्बाइनची चौकट, ६० म्हणजे कॉम्प्रेसर चाकाचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये, आर म्हणजे बॉल बेअरिंग. जीटी२५५४आर चं चाक ४२.१ मिमी तोंडाचं आणि ५४.३ मिमी बाहेरच्या व्यासाचं. जीटी२५६०आर चं ४६.५ आणि ६०.१. ट्रिम काढायला तोंडाच्या व्यासाचा वर्ग भागिले बाहेरच्या व्यासाचा वर्ग, गुणिले १००. दोन्हींचं उत्तर ६० येतं. दोघांचं टर्बाइन चाकही एकच, ५३ मिमीचं. म्हणजे चाकांमधला फरक फक्त कॉम्प्रेसरच्या आकाराचा.

फरक किरकोळ वाटतो, पण सारख्या घडणीच्या चाकाचं जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतं. ५४.३ वरून ६०.१, म्हणजे अकरा टक्के मोठा व्यास, आणि जडत्व ६६ टक्के जास्त. लॅग, म्हणजे थ्रॉटल दिल्यापासून बूस्ट येईपर्यंतचा उशीर, इथून येतो.

उत्पादक जीटी२५५४आर ला १७० ते २७० बीएचपीचा पट्टा देतो, जीटी२५६०आर ला २०० ते ३३० चा. आपलं लक्ष्य १४०. म्हणजे बाजारात "१.६ ला चालतो" म्हणून मिळणारे हे दोन्ही आपल्याला मोठे. सीसीवरून जुळतात, ताकदीवरून नाही, आणि टर्बो निवडताना ताकद पाहायची, सीसी नंतर. आपल्याला एक चौकट खाली, जीटी१५ किंवा जीटी२० कुटुंबात, ४८ ते ५२ मिमी चाकाच्या आसपास शोधायला हवं आणि त्यांच्या नकाशांवर तेच तीन बिंदू टाकून पाहायला हवेत. "पुढे दोनशे करायचे आहेत, म्हणून आत्ताच मोठा घेतो" हा विचार आम्हाला पटत नाही. इंजिन दोनशेला बांधाल तेव्हा मॅनिफोल्ड, इंजेक्टर, क्लच सगळंच बदलणार आहे. तोवर रोज लॅग सोसत गाडी चालवण्यात काहीच हशील नाही.

टर्बाइनची बाजू

कॉम्प्रेसरला नकाशा असतो म्हणून लोक तो बघतात, आणि टर्बाइन हाउसिंग मिळेल ते लावतात. पिकअप कधी येणार हे मात्र टर्बाइनच ठरवतं.

हाउसिंगवरचा ए/आर म्हणजे गोगलगायीच्या आकाराच्या वाटेचं क्षेत्रफळ भागिले शाफ्टपासून त्या वाटेच्या मध्यापर्यंतचं अंतर. लहान ए/आर मध्ये एक्झॉस्टचा वेग वाढतो आणि टर्बो लवकर जागा होतो, पण वरच्या आरपीएमला तोच गळा आवळतो. मोठा ए/आर वर मोकळा श्वास देतो आणि खाली झोपतो. मिश्र वापराला उपलब्ध असलेल्यांपैकी लहान किंवा मधला घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडू नका. गॅरेटचा ए/आर इंचांवर बेतलेला असतो, तर मित्सुबिशीच्या टीडी मालिकेच्या हाउसिंगवर वाटेचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये सांगतात.

निवड बरोबर आहे का हे एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधला दाब मोजून कळतं. टर्बोच्या आधी एक छिद्र पाडून स्टीलची बारीक नळी बसवा, ती गार व्हावी म्हणून दोन-तीन वेटोळी द्या आणि पुढे गेज लावा. छोट्या टर्बोवर हा दाब बूस्टच्या दीडपट असणं चालतं. दुपटीच्या पुढे गेला तर जळालेला वायू सिलिंडरातच अडकतो, पुढचा चार्ज तापतो आणि नॉकिंग सुरू होतं. तिथे बूस्ट वाढवून ताकद वाढत नाही, फक्त उष्णता वाढते.

१-३-४-२ फायरिंगच्या चार सिलिंडर इंजिनाला ट्विन-स्क्रोल (दोन वेगळ्या वाटांचं) हाउसिंग मिळालं, तर १ व ४ एका वाटेत आणि २ व ३ दुसऱ्या वाटेत न्या. एका सिलिंडरचा धक्का दुसऱ्याच्या उघड्या व्हॉल्व्हवर जात नाही आणि बूस्ट लवकर येतो. मॅनिफोल्डही तसंच विभागलेलं हवं, नाहीतर पैसे वाया.

वेस्टगेटचं माप टर्बोच्या मापाच्या उलट चालतं. टर्बो जितका लहान आणि बूस्ट जितका कमी, तितका जास्त वायू वेस्टगेटमधून वळवावा लागतो. छोट्या टर्बोवर छोटं वेस्टगेट असेल तर पूर्ण उघडूनही बूस्ट वर सरकत राहतो. स्प्रिंग हलकी करून हे थांबत नाही. छिद्र मोठं करावं लागतं.

भंगारातला टर्बो

कुर्ल्याच्या किंवा कुठल्याही जुन्या बाजारात डिझेल गाड्यांचे टर्बो स्वस्तात मिळतात, आणि पेट्रोल इंजिनाला तेच लावायचा मोह होतो. दोन अडचणी आहेत. डिझेलचा एक्झॉस्ट पूर्ण भारावर साधारण ८०० अंशांच्या आसपास राहतो, पेट्रोलचा ९०० च्या पुढे, हजाराजवळ जातो. डिझेलच्या टर्बाइन हाउसिंगचं बीड त्या तापमानाला तडकतं. आणि व्हीजीटी (टर्बाइनभोवती हलणारी पाती असलेला टर्बो) असेल तर ती पाती अडकून बसतात. पोर्शने २००६ मध्ये ९११ टर्बोत पेट्रोल इंजिनावर असा टर्बो आणला, तो खास उष्णतारोधक मिश्रधातू वापरूनच. घ्यायचाच असेल तर कारखान्यातूनच टर्बो असलेल्या पेट्रोल गाडीचा घ्या.

शाफ्ट हाताने हलवून पाहा. आडवी थोडी हालचाल साध्या बेअरिंगमध्ये असतेच, तेल भरल्यावर ती सावरते. पुढे-मागे हालचाल हाताला जाणवली, किंवा चाकाच्या कडा घासलेल्या दिसल्या, तर तो टर्बो ठेवून निघा. नव्या, स्वस्त नकली टर्बोंच्या बाबतीत व्हर्नियर सोबत न्या. पट्टीवर एक नाव आणि आत दुसऱ्याच मापाचं चाक असं सर्रास मिळतं. तोंडाचा आणि बाहेरचा व्यास मोजून ट्रिम काढा. ती नकाशावरच्या ट्रिमशी जुळत नसेल तर तो नकाशा या टर्बोचा नाही, आणि वरचा सगळा हिशोब रद्द.

फक्त बिघडलेला मूळ टर्बो बदलायचा असेल तर यातलं काहीच करायचं नाही. कॉम्प्रेसर हाउसिंगवरच्या पट्टीवरचा पार्ट नंबर शेवटच्या अंकापर्यंत जुळवा आणि तोच टर्बो किंवा तोच कोअर (हाउसिंगशिवायचा मधला भाग) मागवा. शेवटचा अंक वेगळा असेल तर वेस्टगेटची स्प्रिंग किंवा हाउसिंगचा कोन वेगळा असू शकतो.

इंधन आणि तेल

हवेइतकंच इंधन लागतं. तासाला ३५ किलो, चार इंजेक्टर, म्हणजे प्रत्येकी ८.७५ किलो, मिनिटाला साधारण १९५ सीसी. इंजेक्टर ८० टक्क्यांहून जास्त वेळ उघडे ठेवू नयेत, म्हणून किमान २४५ सीसीचे घ्या. मूळ इंजेक्टर यापेक्षा लहान असतील तर टर्बो बरोबर निवडूनही मिश्रण पातळ पडेल आणि पिस्टन वितळेल.

बॉल बेअरिंग टर्बोला तेलाच्या वाटेत साधारण १ मिमीचा रिस्ट्रिक्टर लागतो. तेल परत जाणारी नळी आतून निदान १२-१३ मिमीची, सतत उताराची आणि संपमध्ये (इंजिनाच्या तळातल्या तेलाच्या टाकीत) तेलाच्या पातळीच्या वर उघडणारी हवी. ही नळी अरुंद झाली तर नव्या टर्बोचा एक्झॉस्ट निळा धूर देतो आणि सील गेलं असं समजून लोक टर्बो बदलतात.

बसवल्यावर तपासणी

पहिल्या धावेला वेस्टगेट सर्वात हलक्या स्प्रिंगवर ठेवा. तिसऱ्या गिअरमध्ये २,००० पासून पूर्ण थ्रॉटल देऊन आरपीएम, मॅनिफोल्डचा दाब, आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि लॅम्डा एकत्र नोंदवा. मग नोंद वाचा.

बूस्ट ३,५०० नंतरच येत असेल आणि पाइपांतून हवा गळत नसेल, तर टर्बाइन मोठी आहे. लहान ए/आर चं हाउसिंग लावून पाहा, टर्बो बदलायची गरज नाही. गळती आधी तपासायचीच: इनटेकमध्ये बंद डब्यातून अर्ध्या बारची हवा सोडून साबणाचं पाणी लावा. बूस्ट लवकर येऊन ५,००० नंतर आपोआप खाली घसरत असेल, तर कॉम्प्रेसर चोककडे गेलाय किंवा वेस्टगेटचा झडपा एक्झॉस्टच्या दाबाने उघडतोय. झडप्याची स्प्रिंग घट्ट करून पुन्हा बघा. घसरण थांबली तर झडपा दोषी होता. थांबली नाही आणि हवेचं तापमान भराभर चढत असेल, तर कॉम्प्रेसर लहान पडतोय. बूस्ट टिकतोय, तापमान ताब्यात आहे, पण ताकद वाढत नाही, तेव्हा एक्झॉस्टचा दाब मोजा.

नोंदीतली व्हीई शेवटी उलट काढून बघा. ईसीयूला एअर फ्लो मीटर असेल तर थेट हवेचं वजन मिळतं, नसेल तर इंजेक्टरचा उघडा वेळ आणि लॅम्डावरून काढता येतं. तुमच्या इंजिनाची व्हीई ०.८५ ऐवजी ०.८० निघाली तर तिन्ही बिंदू डावीकडे सरकतात आणि २,५०० चा बिंदू सर्जजवळ येऊ शकतो. अशा वेळी २,५०० पर्यंतचा बूस्ट ईसीयूत थोडा कमी धरा आणि ३,००० पासून पूर्ण द्या.